मूठभर हळद

(जून १९८६. केळझरहून वर्ध्याला जाताना सेलूच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभी नवी पांढरी गाडी. सासरे बापूजी आणि सून सुलोचना.)

सुलोचना : पाणी असं पिवळं का येतंय, बापूजी?

बापूजी : लांब उभी राह्य. वाफ हाये.

सुलोचना : पिवळं का, ते विचारते.

बापूजी : हळद हाये ते.

सुलोचना : हळद? गाडीत?

बापूजी : काल सांजेले गाडीखाली पाण्याचे थेंब दिसले. म्हटलं, सकाळी तुले मुलाखतीले न्याचं हाये, रस्त्यात पाणी सांडलं तं पंचाईत. रेडिएटरमधी मूठभर हळद टाकली. भोक असलं तं हळद त्याच्यात जाऊन बसते. आपल्या जुन्या काळ्या गाडीले, काळीले, जलमभर हेच औषध पाजलं मी.

सुलोचना : पण काळी विकली ना आपण. जिथं तिथं बंद पडायची म्हणूनच विकली.

बापूजी : बंद पडे, पण हातानं चालू बी होये. तिले कुठी दुखते, मले ठाऊक होतं. हिच्या नळ्या पाह्य, काडीएवढ्या. हळद घट्ट बसली, पाणी फिरूनच नाई राह्यलं.

सुलोचना : अहो, ते थेंब मी काल गाडी धुतली त्याचे होते. म्हणजे धडधाकट गाडीला औषध पाजून आजारी पाडलंत.

बापूजी : तसंच झालं म्हण.

सुलोचना : एक विचारू? रागावू नका. नोकरीला तुम्ही आधी नाहीच म्हणाला होतात. घरात काय कमी आहे, म्हणालात. मी आज पोचूच नये, असं तर...

बापूजी : नाई म्हटलं, ते तोंडावर म्हटलं. अडवाचं असतं तं किल्ली खिशात घालून वावरात निंघून गेलो असतो. घरची हळद कायले वाया घालवली असती?

सुलोचना : चुकलं माझं. मनात आलं.

बापूजी : आलं ते बोलली, बरं झालं. खरं सांगू? मले या गाडीचा भरोसाच नाई वाटला. आवाज करत नाई, वास मारत नाई. काई सांगतच नाई ना हे!

सुलोचना : गाडी आणून दिली तेव्हाच हे बजावून गेले होते, पेट्रोल घाला, बाकी कशाला हात लावू नका.

बापूजी : ज्याले हात लावाचा नाई, त्याचा भरोसा माणसानं धरावा कसा?

सुलोचना : ते राहू द्या. अकराची मुलाखत आहे, जागा एकच आहे. ती बघा एस.टी. हात करा.

बापूजी : करूनच राह्यलो.

सुलोचना : गेली. थांबलीच नाही.

बापूजी : काळी असती तं थांबली असती. या रस्त्यावरचे सारे डायवर वळखत तिले. बॉनेट उघडं दिसलं का समजून जात, बापूजी अडकले. त्याइची गाडी अडकली का मी थांबत होतो. हे पांढरी कोणाची, कोणाले ठाऊक?

सुलोचना : मग आता?

बापूजी : मांगून सिंदीची एस.टी. येते. रूपराव राह्यते तिच्यावर. तू सावलीत थांब, मी रस्त्याच्या मधात उभा राह्यतो. गाडीले नाई, मले तं वळखंन.

रूपराव : (एस.टी. थांबवून, खिडकीतून) बापूजी, मधात काऊन उभे? ब्रेक लागला म्हून बरं. काळी कुठी हाये?

बापूजी : इकली.

रूपराव : मंग हे कोणाची?

बापूजी : आमचीच. हे बंद पडत नाई म्हणते.

रूपराव : दिसून राह्यलं.

बापूजी : सूनबाईले अकराच्या आत वर्ध्याले पोचवजो. शाळेत मुलाखत हाये तिची.

रूपराव : बसा बाई. पोचवतो.

सुलोचना : बापूजी, तुम्ही नाही येत?

बापूजी : गाडी उघडी टाकून कसा येऊ? थंडी झाली का नळ्या धुऊन पाह्यतो. सांजेले येतो तुले घ्यायले.

सुलोचना : स्टँडवर थांबते मी.

बापूजी : अन् गाडी सुधरली नाई तं?

सुलोचना : गाडीचं कुठं म्हटलं मी? तुम्ही या.