कपाशीच्या काड्यांवरचं भरीत

नाही, पण मी म्हणतो, ह्यात झुलालआबांचं काय चुकलं? सांगा ना तुम्ही! अख्ख्या असोद्यात भरीत करावं ते आबांनी, अन् ते पण कपाशीच्या सुक्या काड्यांवर भाजून! गॅसवर भाजलेल्या वांग्याला आबा वांगं म्हणायलाच तयार नाहीत, आजाऱ्याचं पथ्य म्हणतात... असा दर्दी माणूस, अन् त्याच्याच घरात चार वर्षांची नात पुनम दिवाळीपासून खोकतेय! छाती सूंऽसूं वाजते, दोन घास खाल्ले की दम लागतो, म्हणून खात नाही, खात नाही म्हणून वजन वाढत नाही, उंची वाढत नाही, अंगणवाडीत तिच्यामागून आलेली पोरं तिच्यापेक्षा उंच झाली हो!

जळगावच्या डॉक्टरांनी तोंडाने ओढायच्या पंपाचं औषध दिलं अन् चष्म्यावरून बघत म्हणाले, "औषध चालू ठेवा, पण लेकराच्या आजूबाजूची हवा बघा आधी." बस्स! आबांना तेवढंच पाहिजे होतं. "मी म्हणत नव्हतो? हवाच खराब आहे, भो!"

इकडे सूनबाई ज्योतीने हळू आवाजात (ती ओरडत नाही, तेच तर वाईट!) सांगून टाकलं, "आबा, पंधरा दिवसांत फरक नाही पडला तर मी पुनमला घेऊन चाळीसगावला आईकडे जाते. बरी होईपर्यंत तिकडेच." तुम्हाला सांगतो, पुनमशिवाय आबांच्या घशाखाली घास उतरत नाही. हादरलाच माणूस.

अन् मग जी मोहीम काढली आबांनी! बायकोची, प्रमिलाबाईंची, अगरबत्ती बंद. डासांची कॉइल बंद. रस्त्याची धूळ उडते म्हणून सकाळ-संध्याकाळ नळी धरून उभे, ट्रॅक्टरवाल्यांना दरडावताहेत, "सावकाश रे, माझी नात आहे घरात!" शेजारच्या प्रेमराजने फवारणीचा पंप ओट्यावर ठेवला, तर असं भांडण, असं भांडण, की दोन्ही घरांतलं विरजणाचं देणंघेणंसुद्धा बंद! प्रमिलाबाई धुळ्याकडच्या, त्या घरातून ओरडल्या, "हवा नही, तुमनं डोकं खराब शे!" पण आबांचं एकच, "हवाच खराब आहे, भो!"

एवढं लढून माणूस थकणार की नाही? थकले की मागच्या अंगणात काड्या पेटवायच्या, वांगी टाकायची, अन् पुनमला मांडीवर घ्यायचं. थंडीत लेकराला ऊब नको? रोज!

चौदाव्या दिवशी आरोग्य केंद्राची आशाताई दिपमाला पुनमचं वजन करायला आली, ती थेट मागे. बघते तर धुराचे लोट, मधोमध आजा-नात, दोघांचे डोळे लालभडक!

"आबा, हा धूर?"

"हॅ! धूर कसला ताई? चव आहे ही!"

"अन् ह्या काड्यांवर हंगामभर फवारे मारले, ते कुठे गेले?"

आबांनी नेहमीचं सुरू केलं, "अहो, हवाच खरा..." तर दिपमालाने त्यांचा हात धरला अन् पुनमच्या पाठीवर ठेवला. तळहाताखाली सूंऽसूं... नेहमीपेक्षा दुप्पट! आबांचा चेहरा बघवेना हो. हवा कोण खराब करतंय म्हणून सारा गाव पालथा घातला, अन् करणारा पोरीला मांडीवर घेऊन बसलेला!

सुनेपुढे हात जोडले आबांनी. "अजून पंधरा दिवस दे, माय." काड्या त्याच दिवशी घरातून गेल्या.

परवा त्यांच्याकडे जेवायला होतो. भरीत... गॅसवरचं! अन् पुनम मन लावून जेवतेय, ज्वारी-उडदाच्या कळण्याची अर्धी भाकर संपवली, खोकला नाही, दम नाही, अन् ताट पुढे केलं, "आबा, अजून! किती छान झालंय!"

आबांनी घास घेतला. चावला. वरच्या पत्र्याकडे बघितलं. गिळला. चाळीस वर्षं लोकांच्या भरताला नावं ठेवलेला माणूस म्हणतो, "हो माय. एक नंबर झालंय."

वांग्याच्या बाबतीत आबा जन्मात पहिल्यांदा खोटं बोलले, अन् वर माझ्याकडे असे डोळे वटारले, की मीसुद्धा ताट पुढे केलं... काय करता!