सावळीच्या पोटापुरता माळ

मंडळी, ऐका. खंडोबारायाच्या दारात बसलोय, म्हणून घोड्यावरूनच सुरुवात करतो. देवाच्या घोड्याला आपण भंडारा लावतो, हार घालतो, त्याच्या पाया पडतो. पण त्या घोड्याला चरायला माळ किती लागतो, हे विचारलंय का कधी कुणी? नाही ना! पितळेचा आहे, गवत मागत नाही, म्हणून बरं चाललंय आपलं!

पण ज्याला पोट आहे, त्याच्यावर माया करायची म्हणजे काय करायचं? गळ्यात दावं बांधायचं? की आणखी काही?

आमच्या वरच्या अंगाला, पठारावर, भुजंगराव मोहिते म्हणून एक गृहस्थ होते. घरामागं तीन एकर माळ. आणि दारात एक घोडी. नाव सावळी. काय घोडी होती! भुजंगरावांनी नुसती जीभ टाळ्याला लावून आवाज केला, की माळाच्या टोकावरून पळत यायची. दर रविवारी हे गृहस्थ तिच्यावर बसून देवाला यायचे. सगळं गाव बघायचं. भुजंगरावांनाही बघितलेलं आवडायचं, खोटं कशाला बोलू!

एका घोडीपुरता तो माळ कसाबसा पुरत होता. सावळी एका बाजूनं चरत जायची, तोवर दुसऱ्या बाजूचं गवत डोकं वर काढायचं. उन्हाळ्यात कडब्याची जोड. चाललं होतं.

मग सावळीला शिंगरू झालं. पुढं आणखी एक झालं. दोघी माद्या, आईसारख्याच काळ्याभोर. मागणारे आले. भुजंगरावांनी सगळ्यांना चहा पाजला आणि परत पाठवलं. बायको तान्हूबाई म्हणाल्या, अहो, दोन्ही मोठ्या झाल्या, यांना खायला कुठून आणायचं? तर म्हणाले, देवानं दिलंय, देव बघेल.

बघा हं मंडळी. आपल्याला सोडवत नाही, आणि नाव देवाचं!

आता गाय गवत जिभेनं ओढते, वर थोडं बुडखं ठेवते. घोड्याला वरखाली दोन्हीकडं दात. तो अगदी जमिनीलगत कातरतो. तीन तोंडं त्या माळावर रात्रंदिवस फिरली. गवत उगवायला उसंतच मिळेना. एक पावसाळा गेला, दुसरा गेला. माळाची हिरवी साय निघून गेली, खाली मुरूम दिसायला लागला. राहिली फक्त घाणेरी आणि काटे. मग विकतचा कडबा. तोही कमी पडायचा, मग उपाशी घोड्या पुन्हा मुळं उकरायला लागायच्या.

आणि एके सकाळी सावळी उठेना. मान वळवून सारखी स्वतःच्या पोटाकडं बघत होती. पाय झाडत होती. जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी नळी घातली, औषध दिलं, दुपारपर्यंत तिला फिरवत ठेवायला लावलं. संध्याकाळी लीद पडली. डॉक्टरांनी ती पाण्यात कालवली, आणि भुजंगरावांना भांड्याचा तळ दाखवला. तळाशी वाळू होती. मूठभर वाळू.

डॉक्टर म्हणाले, गवत नाही म्हणून माती खाते ही. या वेळी वाचली. हा माळ पुरा एक पावसाळा मोकळा सोडा, नाहीतर मला परत बोलावू नका.

भुजंगराव ओट्यावर बसून राहिले. जेवले नाहीत. कारण गवत कुठं आहे, हे त्यांना माहीत होतं. पलीकडंच, बांधाला लागून, अनसूयाबाई घार्ग्यांचं मोठं पडीक रान होतं. गुडघाभर गवत. पण त्याच बांधावरून दोन्ही घरांचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं!

सांगा मंडळी, बांध केवढा असतो? हात-दीड हात. पण तो ओलांडायला भुजंगरावांना दोन दिवस लागले.

तिसऱ्या दिवशी गेले. टोपी हातात घेऊन अंगणात उभे राहिले. म्हणाले, "अनसूयाबाई, माझी जनावरं माझ्याकडं उपाशी आहेत."

बाई शेंगा निवडत होत्या. हातातलं सूप त्यांनी खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "भांडण तुमचं-माझं आहे. घोड्यांचं काय त्यात? आणा त्यांना."

आणल्या. तिघी गवतात शिरल्या आणि माना खाली घातल्या त्या घातल्याच. भुजंगरावांनी नेहमीसारखा आवाज दिला. सावळीनं कान हलवला, पण आली नाही. चरतच राहिली. त्यांचा चेहरा उतरला. अनसूयाबाई मागं उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "विसरली नाही ती तुम्हाला. जेवतीय."

त्या वाक्याला भुजंगराव बांधावर बसून रडले.

पुढं त्यांनी थोरली शिंगी अनसूयाबाईंच्याच दारात ठेवली. धाकटी, नदीकाठी ज्याचं कुरण होतं अशा भाच्याला दिली. आणि सावळी? तीही पावसाळाभर पलीकडंच. दावण रिकामी. माळावर एक खूर पडू दिला नाही त्यांनी. पुढच्या साली गवत आलं, विरळ का होईना, आणि सावळी घरी आली. एकटी.

लोक विचारायचे, भुजंगराव, घोडा पाळायला जमीन किती लागते हो? ते सांगायचे, बागायती असेल तर एका घोड्याला दोन एकर, आपल्यासारखा मुरमाड माळ असेल तर तीन, आणि वर उन्हाळ्यात कडबा. खरं माप एकच. घोडा चरून पुढं गेला, की मागचं गवत परत उभं राहिलं पाहिजे. तेवढी जमीन नसेल, तर तो घोडा आपला नाही.

मंडळी, तुमच्याकडं घोडी नाहीत, मला ठाऊक आहे. पण लेक असेल, बाहेरगावी शिकायला जायचं म्हणत असेल, आणि तुम्ही म्हणत असाल, डोळ्यांपुढं राहू दे. म्हातारा बाप असेल, मायेनं घरात ठेवलेला, आणि दिवसभर त्याच्याशी बोलायला कुणी नाही. आपलं माणूस म्हणतो आपण. छातीवर हात ठेवून म्हणतो!

आज घरी गेल्यावर त्यांच्यातल्या एकाजवळ बसा. विचारा, तुला इथं काय कमी पडतंय? आणि उत्तर येईपर्यंत उठू नका. ते उत्तर ऐकायची ताकद मल्हारीराया तुम्हाला देवो, आणि मलाही.