उलट्या हाताचं विणकाम

पेणच्या लोकर मेळाव्यातून निघून रोह्याच्या एसटीच्या रांगेत उभी होते. पुढे एक म्हातारी उभ्यानंच विणत होती आणि सॅकवाली मुलगी तिच्या सुयांकडे बघत होती.

"आजी, तुम्ही डावऱ्या का?"

"नाय गो. शिकवणारी डावरी होती. तिच्या बाजूला बसून शिकले, तसाच हात बसला."

"कोण शिकवणारी?"

"आमच्या गडब गावची रेबेका. लग्न होऊन इस्रायलला गेली."

"गडबची? डावरी? अहो, ती माझी आजी! मी तिकडून तिचं गाव बघायलाच आलेय. थांबा, फोन लावते... आजी, बघ कोण आहे!"

"रेबेका! मी हौसा गो!"

"हौसा? अजून विणतेस?"

"विणते तर! आधी सांग, तिकडं थंडी पडते ना? पेटीभर स्वेटर झालेत, हितं कोण घालीत नाय!"