तिसऱ्या सहीचा निरोप

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि या गादी कारखान्याचे मालक, आपल्या सर्वांचे मोठे साहेब. प्रमुख पाहुणे म्हणून आवर्जून आलेले, आणि मला वर्गात डुलक्या घेताना पाहूनही ज्यांनी कधी खडू फेकून मारला नाही ते आमचे प्राध्यापक महोदय. व्यासपीठावरचे अकाउंटंटसाहेब, ज्यांचा विषय पुढे निघणार आहे, तेव्हा त्यांनी आत्ताच उठून जाऊ नये. शिलाई खात्यातल्या ताई आणि मावश्या. स्टोअर आणि डिस्पॅचमधले माझे जिवाभावाचे सहकारी. पहिल्या रांगेत बसलेली माझी आई, तिच्या शेजारी माझ्याकडे न बघता बसलेली माझी बायको, आणि उपस्थित बंधुभगिनींनो.

सुरुवातीलाच एक विनंती. खुर्च्या कमी पडल्या म्हणून मागच्या मंडळींना शोरूममधल्या नमुन्याच्या गाद्यांवर बसवलंय. बसा, खुशाल बसा. फक्त आडवे होऊ नका. त्या गाद्यांची ताकद मला ठाऊक आहे. तिसरी निळी गादी आहे ना, तिच्यावर मी एकदा भर दुपारी पाच मिनिटं म्हणून टेकलो होतो. संध्याकाळचा एमबीएचा वर्ग, दिवसाची नोकरी, मधे डबा खायलासुद्धा वेळ नाही, माणूस टेकणारच. तेवढ्यात बाहेरगावचे डीलर आले. आमचे विक्रीवाले काय कमी आहेत? त्यांनी मला उठवलं नाही. माझ्या अंगावर चादर टाकली आणि डीलरांना हळू आवाजात म्हणाले, "बघा, घोरतोय तरी कूस बदलत नाही." त्या दिवशी त्या मॉडेलची सगळ्यात मोठी ऑर्डर मिळाली. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत मी विक्रीला केलेली मदत म्हणाल तर तेवढीच.

आता आपण म्हणाल, निरोपाच्या भाषणात हे काय चाललंय? गेल्या पंधरवड्यात मला जो भेटतो तो खांद्यावर हात ठेवून विचारतो, "काय झालं हो? साहेबांनी काढलं?" आज सगळ्यांसमोर सांगतो. साहेबांनी मला काढलेलं नाही. मला मीच काढलंय. ते कसं, हे सांगायला मी उभा आहे.

मला एमबीए करायची हौस नव्हती. उपव्यवस्थापकाचा व्यवस्थापक व्हायला पदवी लागते, असा आपला नियम. बायको म्हणाली, "अहो, या वयात पाठांतर होणार आहे का तुमच्याने? भाजी आणायला पाठवलं तर निम्मी विसरता." आई म्हणाली, "शिकू दे गं त्याला, संध्याकाळचा घरात नुसता लुडबुडतो." अशा दोन मतांत आईचं जड ठरलं, ठराव पास झाला आणि मी कॉलेजात दाखल झालो.

पहिल्याच दिवशी सरांनी सगळ्यांना उभं राहून ओळख करून द्यायला सांगितली. मी मोठ्या ऐटीत कारखान्याचं नाव सांगितलं. मागच्या बाकावरून आवाज आला, "अहो गादीवाले! आमच्या वॉर्डच्या गाद्या कुठे आहेत?"

वळून बघतो तर इस्पितळातल्या सिस्टर. ड्यूटी संपवून तशाच आलेल्या. म्हणाल्या, "ऑर्डर देऊन किती दिवस झाले! जुन्या गाद्यांना मधे खड्डे पडलेत. पेशंटला मी घोंगड्यांच्या घड्या घालून झोपवते. फोन केला की तुमचा माणूस सांगतो, माल तयार आहे. तयार आहे तर येत का नाही?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "चौकशी करतो." आपल्याकडे हे उत्तर द्यायला पदवी लागत नाही.

पुढे प्रकल्पाची वेळ आली तेव्हा दोघादोघांचे गट पाडायचे होते. सिस्टरांनी मला विचारलंसुद्धा नाही, थेट सरांना सांगून टाकलं, "गादीवाले माझ्याबरोबर. विषय, तयार गादी गोदामातून निघायला इतका वेळ का लागतो." सर, तुम्ही हसताय, पण त्या दिवशी तुम्ही नुसती मान डोलावलीत, आणि माझ्या आयुष्याचा निकाल लागला.

तर सिस्टर स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी आमच्या ऑफिसात यायच्या, कोपऱ्यात खुर्ची टाकून बसायच्या, आणि कागद कुठल्या टेबलावर किती वेळ पडून राहतो ते टिपायच्या. शिलाईतल्या मावश्यांना वाटायचं, इन्कमटॅक्सवाली बाई आली. एक अट मात्र त्यांनी घातली. "टेबलांची खरी नावं मी तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही इथलेच. आपल्या माणसाला सांभाळाल आणि नावडत्याला झोडाल. आमच्याकडे नव्या औषधाची चाचणी घेतात तेव्हा खरी गोळी कुणाला दिलीय हे डॉक्टरलाही सांगत नाहीत." म्हणून त्यांनी टेबलांना पक्ष्यांची नावं दिली. कावळा, चिमणी, घार, घुबड आणि बगळा. कोण कोण ते एकट्या त्यांना ठाऊक.

आकडे आले. चिमणीकडे कागद येतो आणि भुर्रकन उडतो. कावळा, घार, घुबड, सगळे ठीकठाक. बगळ्याकडे मात्र कागद सकाळी येतो आणि दुपारपर्यंत एका पायावर उभा! तोवर सकाळची गाडी निघून गेलेली. मग पुढची गाडी लागेपर्यंत तयार गाद्या गोदामात पडून.

आणि मंडळी, बगळा कोण हे मी आकडे बघताक्षणी ओळखलं. मनात म्हटलं, हा अकाउंटंट! दुसरं कोण असणार? माझ्या प्रवासखर्चाच्या प्रत्येक बिलावर प्रश्नचिन्ह काढणारा माणूस! अकाउंटंटसाहेब, माफ करा, पण त्या आनंदात मी अहवाल असा लिहिला, असा लिहिला, की प्रेमपत्रसुद्धा कधी इतकं मन लावून लिहिलं नसेल. बायको मान हलवतेय. तिला प्रेमपत्र कधी आलेलंच नाही, ती तरी काय सांगणार!

सादरीकरणाला बाहेरचे परीक्षक म्हणून ज्या कारखान्यावर प्रकल्प आहे त्याच्याच मालकांना बोलवायचं, असा कॉलेजचा रिवाज. म्हणजे समोर मोठे साहेब. बढती अशी हातभर अंतरावर दिसत होती. मी नवा शर्ट घातला होता. पडद्यावर बगळ्याचं चित्रसुद्धा टाकलं होतं, डोळे मिटलेला. आणि गरजलो, "साहेब, या टेबलावर काम होतच नाही. आधीच्या दोघांनी जे तपासलंय त्याच्याकडे बघून हा इसम मान डोलावतो आणि सही ठोकतो. हा बगळा उडवा, गाद्या त्याच दिवशी निघतील!"

साहेबांनी विचारलं, "छान. पण हा बगळा कोण?"

मी सिस्टरांकडे बघितलं. त्या खाली बघत म्हणाल्या, "नंतर सांगते."

इथे शहाण्या माणसाने गप्प बसावं की नाही? पण माझी हौस दांडगी. म्हटलं, "नंतर कशाला? आत्ताच सांगा. साहेबांच्या कानावर जाऊ द्या एकदा!"

सिस्टर म्हणाल्या, "सर, हे बोलतायत ना, हेच."

प्राध्यापक महोदयांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला. माझ्या मागे पडद्यावर तो बगळा तसाच, डोळे मिटून.

नव्या मंडळींना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. माझं टेबल आलं कुठून? थोरल्या मालकांच्या काळात एका वसतिगृहाच्या गाद्या चुकून तुरुंगात गेल्या. तुरुंगात गेलेली वस्तू लवकर बाहेर येत नाही. त्या गाद्याही आल्या नाहीत. थोरले मालक संतापले, म्हणाले, यापुढे स्टोअरची सही, डिस्पॅचची सही, आणि वर तिसरी सही. त्या तिसऱ्या सहीसाठी मला नोकरीला घेतलं. त्या नोकरीवर माझं लग्न झालं, घर झालं, मुलगी कॉलेजात गेली. हे सगळं त्या तुरुंगाच्या कृपेने, असं म्हणायला हरकत नाही.

साहेबांनी त्या दिवशी मला एकच प्रश्न विचारला. "तुमच्या सहीने आजपर्यंत किती गाड्या चुकीच्या ठिकाणी जायच्या वाचल्या?" मी आठवायला लागलो. खूप आठवलं. एकही आठवेना, कारण आधीचे दोघे चुकलेच नव्हते. मग साहेब हळूच म्हणाले, "अहवालात काही बदल करायचा असेल तर वेळ आहे."

खरं सांगू? करायचा होता. तोंडात आलं होतं, की साहेब, बगळ्याला थोडं प्रशिक्षण दिलं तर सुधारेल. घरचे चेहरे डोळ्यांपुढे आले. इतक्यात माझी नजर सिस्टरांवर पडली. मला पहिल्या दिवसाच्या त्या घोंगड्यांच्या घड्या आठवल्या. म्हटलं, "नाही साहेब. आकडे बरोबर आहेत. बगळा उडवा."

घरी आलो. आधी सांगितलं, प्रकल्पाला वर्गात पहिला नंबर. आई आनंदली. मग सांगितलं, नोकरी गेली. बायको म्हणाली, "याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण! लोक शिकून नोकरी मिळवतात, तुम्ही शिकून घालवलीत?" आई मात्र डगमगली नाही. ती आता शेजारीपाजारी सांगते, माझा मुलगा इतका शिकला, इतका शिकला, की त्याच्या लायकीची नोकरीच उरली नाही.

साहेबांचा मोठेपणा सांगायलाच हवा. त्यांनी मला बोलावून सल्लागाराची जागा देऊ केली. वेगळी केबिन. मी विचारलं, "काम काय?" म्हणाले, "सगळीकडे लक्ष ठेवायचं." साहेब, तुमच्या मायेबद्दल शंका नाही, पण म्हणजे बगळाच की, फक्त तळं मोठं! हात जोडून नको म्हटलं. ते ऐकून बायको आठवडाभर बोलली नाही. आठव्या दिवशी बोलली ती एवढंच, की "नको म्हणालात ते बरं केलंत. केबिनमध्ये तर तुम्ही दिवसभर झोपला असता." आता घर तिच्या शाळेच्या पगारावर चालणार, आणि ती मला ते ऐकवत नाही. माझ्या बायकोच्या बाबतीत ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे तिला ओळखणाऱ्यांनाच कळेल.

पुढे काय? अजून ठरलेलं नाही. दोन ठिकाणी मुलाखती दिल्या. दोन्हीकडे विचारलं, आत्ताची नोकरी का सोडताय? मी खरं ते सांगितलं. दोन्हीकडे पोट धरून हसले. एकीकडे तर आतल्या साहेबांना हाक मारून मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. कळवतो म्हणालेत. भीती वाटते, खोटं कशाला बोलू? सकाळी उठलो की हात आपोआप खिशातलं पेन चाचपतो.

आता शेवटचं सांगतो. आज सकाळी या कारखान्यातून तिसऱ्या सहीशिवाय पहिली गाडी सुटली. सिस्टरांच्या इस्पितळाने तिसऱ्या मजल्यासाठी नव्याने मागवलेल्या गाद्या. मी गेटवर उभा होतो. ड्रायव्हरने सवयीने सहीसाठी माझ्यापुढे मालाचं चलन धरलं. मी हात मागे घेतला. गाडी गेली. आणि मंडळी, मी काही देवमाणूस नाही. मनातल्या मनात म्हणत होतो, एकदा, एकदाच चुकू दे. जाऊ दे तुरुंगात! म्हणजे सगळे धावत येतील, अहो, तुमच्याशिवाय कसं होणार!

समारंभ सुरू व्हायच्या आधी राहवेना. मागच्या जिन्यात जाऊन सिस्टरांना फोन लावला. नेहमीच्या आवाजात विचारलं, "काय सिस्टर, पोचल्या का गाद्या?"

पलीकडून त्या कुजबुजल्या, "हळू बोला हो गादीवाले. पोचल्या. आमचे एक आजोबा चार रात्री तळमळत होते, ते आत्ताच झोपलेत."

मी फोन ठेवला आणि जिन्यातच थोडा वेळ बसून राहिलो. डोळे ओले झाले होते, लपवत नाही. मी इतकी वर्षं गाद्यांच्या कागदांवर सह्या केल्या, पण त्या गादीवर पुढे कोणीतरी निवांत झोपतं, हे मला आज पहिल्यांदा कोणी सांगितलं.

आपण मला निरोपाची भेट म्हणून गादी दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. स्टोअर आणि डिस्पॅचचे आभार, तुम्ही कधी चुकला नाहीत म्हणून माझी नोकरी इतकी वर्षं सुखात गेली. प्राध्यापकांचे आभार, साहेबांचे आभार. आई आणि बायकोचे आभार मानले तर त्या घरी रागावतील. आणि अकाउंटंटसाहेब, सिस्टरांनी नंतर सांगितलं, चिमणी तुम्हीच होतात. माझं शेवटचं प्रवासखर्चाचं बिल टेबलावर ठेवलंय, तेवढं भुर्रकन उडवा.

बोलण्याच्या भरात कोणाला काही लागलं असेल, कोणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर चूक पदरात घ्या. हे भाषण मी लिहिलं, बायकोने वाचलं, आणि तिसऱ्या कोणालाही न दाखवता थेट तुमच्यापर्यंत आलंय.