आईसारखाच खिळा

नाही हो बिरदेव, मेटलचा नकोच — बोलू नका, तोंडात कापूस आहे, नुसतं ऐका. रूट कॅनल झालं, दात आतून पोकळ झाला, त्यावर टोपी बसवायची तर दाताच्या मुळात आधाराला खिळा लागतो, बरोबर? खिळे दोन तऱ्हेचे — मेटलचा आणि फायबरचा. फायबरचा दाताबरोबर थोडा लवतो, फार तर निखळून हातात येईल, पुन्हा बसवू. मेटलचा लवत नाही की — मग काय होतं? मूळच उभं चिरतं. बाहेरून कळतसुद्धा नाही. आणि तुम्ही आल्यापासून एकच धरून बसलाय, 'आईला बसवलाता तसलाच बसवा.'

तुमची आई... मायाक्का मावशी. विसरेन कशी? ह्याच खुर्चीत बसल्या होत्या, पदर मुठीत धरून. 'कडक भाकरी खाता यील नव्हं?' एवढंच विचारलं त्यांनी. आणि मी — नवा दवाखाना, नवी हौस — म्हणाले, भक्कम देते मावशी, जन्मभर हलणार नाही. फायबरचा होता हो कपाटात! पण मला वाटलं, कडक भाकरी खाणारी बाई, हिला मेटलचाच पाहिजे.

फोन आला होता त्यांचा. तुम्हाला बोलल्या होत्या? नसतील. मेंढरं घेऊन लांब कुठं होत्या, फोनात नुसतं वारं घोंघावत होतं — 'बाई, खिळ्यापाशी ठणकतंय.' मी काय म्हणाले? खिळा बसतोय अजून, मिठाच्या गुळण्या करा. आठ दिवसांनी परत फोन, परत तेच म्हणाले. बोलावून एक एक्स-रे काढला असता तर... त्यांना साखर आहे, ठाऊक होतं मला. तुम्ही मघाशी म्हणालात, गळा सुजला, किडा चावला असंल, दोन दिसांत गेली. किडा नव्हता, बिरदेव — चिरलेल्या मुळातला पू गळ्यात उतरला होता. अजून वारं सुटलं की माझा हात थांबतो — पेशंटच्या तोंडात थांबतो. कुणाला सांगितलं नाही हे. सांगायचंही नव्हतं. पण तुम्ही म्हणालात, 'मरंस्तवर टिकला बगा, तुमच्या हाताला यश हाय.' टिकला हो. तसाच टिकला.

असं बघू नका. थांबा, कापूस काढते. मिटा तोंड. आता बोला की, काहीही बोला... अहो, उठलात कुठं? दात उघडाच आहे अजून. बिरदेव — माझ्याकडं नको तर दुसऱ्या कुणाकडं, पण आजच जा. आणि ठणकलं तर फोन... नाही. फोन नका करू. या.