हिरोच्या बापाचा फोटो

हॅलो? … हो, बोरीवलीच. हा शेजारच्या शुभाताईंचा फोन. मी अनुपमा, धाकू परबांची मुलगी… कोण, नंदकुमार? मढच्या शूटिंगचे? बोला ना.

हो, बाबांचा फोटो मीच दिला होता. हिरोच्या मेलेल्या बापाचा म्हणून भिंतीवर लावायला… आठवतंय तर. आईने केवढा आकांत केला, जित्या माणसाच्या फोटोला हार घालतात का म्हणून. आणि बाबा म्हणाले, घालू दे गं, आयुष्य वाढतं…

बाबा नाहीत, नंदकुमार. दसऱ्यानंतर गेले… हो, झोपेतच… तुम्हाला कसं कळणार. नाही हो, तुमच्या हाराने काही नाही झालं. बत्तीस वर्षांची कापसाची धूळ होती छातीत… तुम्ही नका रडू. काम काय होतं, ते सांगा.

टोपी? कोणाला टोपी?

थांबा, नीट सांगा. हिरोचा बाप गिरणीत होता, संपात मंत्र्याच्या गुंडांनी मारला, म्हणून हिरो सूड घेतो. बरोबर?… मग आता काय झालं? … वितरक घाबरला. सेन्सॉरात अडकेल म्हणून… बरं. म्हणून बाप स्वातंत्र्यसैनिक. आणि फोटोवर पांढरी टोपी रंगवायची… आणि मंत्री? … तो आता स्मगलर. म्हणजे मंत्र्याची टोपी काढली आणि बाबांना घातली.

नाही, चिडले नाहीये. बाबा असते तर पोट धरून हसले असते.

अहो, पण ऐका ना. बेचाळीस साली ते चौदा वर्षांचे होते, गावी गुरं राखत होते. कसले स्वातंत्र्यसैनिक? … सिनेमा आहे, मान्य. हिरोला हवं ते भाषण द्या, चेहरा तेवढा सोडा… नाहीतर? … दुसऱ्या कोणाचा फोटो. उद्या सकाळी.

नाही, काढू नका… का म्हणजे काय. पडद्यावर वीस फुटांचे दिसतील म्हणाला होतात. त्या दिवसाची वाट बघतेय मी.

आईला नाही विचारलं. ती तुमच्या सिनेमाचं नाव काढू देत नाही. घरच्या फोटोलाही अजून हार घालू दिला नाही तिने… एक मिनिट हं.

आई, केव्हापासून उभी आहेस दारात? … हो, तेच. टोपी रंगवायची म्हणतात.

नंदकुमार, ती म्हणते, ‘तेंका सांग, टोपी नको’… नाही, ओरडून नाही. विचारते, फोटोचं पुढे काय होतं? … फुटतो? कोण फोडतं? … स्मगलरची माणसं. आणि हिरो तेव्हा? … सगळ्यांना? एकटा? … आई, सात जणांना लोळवतो म्हणे.

… अहो, रडत नाहीये ती. हसतेय. पदर तोंडाला लावून… हो, मीही चार महिन्यांनी ऐकतेय.

वितरकाला सांगा, घरचे नाही म्हणतात… उघड्या डोक्याचा देशभक्त चालवून घेईल? … बघतो नको, नंदकुमार. लावतो म्हणा… नक्की? तोच फोटो, आहे तसा? … बरं. बरं वाटलं.

काय गं आई? … नंदकुमार, आहात ना? ती म्हणते सात कमी झाले. ‘आणखी दोघांका घालूक सांग’… हो, सांगते तिला. ठेवते.