परत ये, खोल जाऊ नकोस

अरे, मी बीचवर स्वतःची इंग्लिश गाणी म्हणतो ना, त्यातली गंमत ऐका. व्हर्जिनियात एका बीच-बारमध्ये गिग होता. समोर फक्त माझी बायको, तीही सनस्क्रीन लावण्यात बिझी. बाकी पब्लिक पाण्यात. मी नवं विरहगीत सुरू केलं, स्पीकर फुल, आणि जीव तोडून ओरडलो, "परत ये, खोल जाऊ नकोस!"

पाण्यातले सगळे किंचाळत किनाऱ्याकडे पळाले. लाइफगार्ड धापा टाकत आला. "शार्क कुठेय?"

मी म्हटलं, "शार्क नाही, कोरस आहे."

तो असा भडकला की मला वाटलं, गिग कॅन्सल. तेवढ्यात घाबरलेली मंडळी बारमध्ये शिरून भराभर ऑर्डर देऊ लागली. मालक माझ्या कानाशी वाकला.

"यार, पुढच्या कडव्यात शार्क टाकता येईल?"